व्हॉट्सअ‍ॅपला धक्का न लावता सॉफ्टवेअर घ्यायची रीत

समजा, तुमच्या कंपनीत ६०० माणसं आहेत. हेड ऑफिस पुण्यात, एक प्लँट चाकणला, दुसरा वाळूजला. सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपचे पंचवीसेक ग्रुप आणि एका एक्सेल फाइलवर बरा चाललेला असतो. अशात एमडी कुठल्याशा सेमिनारहून परततात आणि म्हणतात, "आपल्याकडे कोलॅबरेशन नाही." म्हणजे आता बोलणं, फाइली आणि मीटिंग एका जागी आणणारं सॉफ्टवेअर घ्यायचं. घाबरू नका. नीट निवड केलीत तर वर्षाला सतरा लाख खर्चूनही कोणाची एकही सवय मोडत नाही.

आधी समिती नेमा. आयटी, एचआर, अकाउंट्स, आणि परदेशात शिकून आलेला संचालकांचा पुतण्या. डिस्पॅचचा क्लार्क, स्टोअरकीपर आणि तिसऱ्या शिफ्टचा सुपरवायझर यांना चुकूनही बोलावू नका. हे लोक फार खालच्या पातळीवरचे प्रश्न विचारतात. "ट्रक भरल्याचा फोटो कुठे टाकायचा?" "ड्रॉइंगची नवी रिव्हिजन आली हे मशीनवरच्या माणसाला कसं कळणार?" असल्या प्रश्नांची उत्तरं शोधत बसलं तर निवड खरोखरच करावी लागते.

मग गरजांची यादी. किमान १८० ओळी हव्यात, आणि प्रत्येकीपुढे एकच रकाना: हो की नाही. व्हेंडर १८० वेळा 'हो' लिहील. त्या 'हो'चे चार अर्थ असतात: आज आहे, महागड्या प्लॅनमध्ये आहे, तिसऱ्याच कंपनीचं काहीतरी जोडलं तर आहे, आणि पुढच्या वर्षी यायचं आहे. हे चार रकाने वेगळे केले तर १८० पैकी किती ओळी तग धरतील, हे पाहायची उत्सुकता आवरा. आणखी एक बारकावा म्हणजे वजन. कुठल्या मुद्द्याला किती गुण, हे कोटेशनं उघडल्यानंतर ठरवा. आधी ठरवलं तर जिंकणारं सॉफ्टवेअर निकालाच्या दिवशीच कळतं, आणि एमडींना ते सेमिनारमध्येच कळलेलं असतं.

डेमो व्हेंडरच्या लॅपटॉपवर, व्हेंडरच्याच डेटावर पाहा. त्यातल्या कंपनीत पाच माणसं असतात, फाइलींची नावं छोटी असतात आणि कोणी कोणावर रागावलेलं नसतं. आपल्या सर्व्हरवरचं एक खरं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन जाऊ नका, कारण तिथे गंमत संपते. गेल्या वीस वर्षांतले एचआरचे आदेश, युनियनचे करार, सुरक्षेच्या सूचना श्रीलिपी नाहीतर कृतीदेवमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या फाँटमध्ये कागदावर मराठी दिसतं, पण फाइलीत इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. कृतीदेवमधला 'कामगार' संगणकाच्या पोटात 'डी के ई एक्स के जे' असा बसलेला असतो. डेमोत ज्या 'शक्तिशाली शोध सुविधे'वर समितीने टाळ्या वाजवल्या, तिच्यात 'कामगार' लिहून शोधलं की शून्य निकाल. ब्राउझरमध्ये ती फाइल उघडली तर फाँट नसल्याने तोच 'डी के ई एक्स के जे' समोर येतो. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या लिपीत रूपांतर, मग एका माणसाने बसून जोडाक्षरं तपासणं, हे काम आठवड्यांचं आहे. ते कोटेशनमध्ये नसतं. विचारू नका, म्हणजे पुढेही नसेल.

फाइलींची नावंही तशीच मोठी राहू द्या. 'वाळूज क्षेत्र सुरक्षा आढावा फायनल नवीन साहेबांनी पाहिलेलं' हे नाव बदलायला जीव होत नाही, खरं आहे. 'क्षेत्र' दोन अक्षरांचं दिसलं तरी संगणक त्यात ७ खुणा मोजतो: क, हलंत, ष, मात्रा, त, हलंत, र. शेअरपॉइंटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन फाइल-कपाटात, फोल्डरसकट पूर्ण वाट ४०० खुणांत बसावी लागते, आणि विंडोजवरची बरीच प्रोग्रॅमं अजून २६०वर अडतात. फोल्डरात फोल्डर असे आठ मजले चढवून झाले की काही फाइली लॅपटॉपवर उतरतच नाहीत. कुठल्या उतरल्या नाहीत हे ऑडिटच्या दिवशी कळतं.

पैशांचं सोपं आहे. माणशी महिना २०० रुपये ऐकायला चहाच्या खर्चाएवढे वाटतात. ६०० माणसं, १२ महिने, म्हणजे १४ लाख ४० हजार. वर १८ टक्के जीएसटी धरून १६ लाख ९९ हजार २००. मीटिंगमध्ये फक्त २००चा आकडा बोला. कंपनीच्या एकाच पासवर्डने सगळीकडे शिरता यावं ही सोय अनेकदा वरच्याच प्लॅनमध्ये असते, ते नंतर कळू द्या. लायसन्स एकदम वर्षाचे आणि पूर्ण ६०० घ्या. मायक्रोसॉफ्टच्या वार्षिक करारात संख्या वाढवायला कधीही मुभा आहे, कमी करायला मात्र सुरुवातीचे ७ दिवस, नाहीतर थेट रिन्यूअल. त्यामुळे टप्प्याटप्प्याने घेणाऱ्यांचं हसं करा. ते लोक नंतर वाढवतात आणि पैसे वाचवतात.

सोडताना डेटा कसा न्यायचा, हा प्रश्न अशुभ आहे. लग्नाच्या बैठकीत घटस्फोटाचं कोणी बोलतं का? गूगल वेव्ह हे असंच एक सॉफ्टवेअर २००९मध्ये आलं आणि २०१०मध्येच त्याचं काम थांबलं. स्काइप फॉर बिझनेस ऑनलाइन ३१ जुलै २०२१ला मिटलं. फेसबुकवाल्या मेटाने 'वर्कप्लेस' हे आपलं ऑफिसांसाठीचं सॉफ्टवेअर गुंडाळत असल्याचं २०२४मध्ये सांगितलं. गूगलचा ५५ इंची जॅमबोर्ड हा डिजिटल फळा ज्यांनी भिंतीवर टांगला, त्यांच्याकडे आता भिंत आहे. ही सगळी मोठ्या घरची स्थळं होती, तेव्हा तुमचा व्हेंडर तर टिकणारच. स्लॅक या ऑफिस-चॅटच्या फुकट प्लॅनवर ९० दिवसांपलीकडचं बोलणं दिसत नाही, हेसुद्धा एकापरीने बरंच; ग्राहकाला काय कबूल केलं होतं याची आठवण कोणाला हवी असते?

चाचणी आयटीच्या बारा जणांवर घ्या, वायफायच्या थेट खाली, दोन आठवडे. चाकणला नेऊ नका. तिथे गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, आणि तुमचं नवं अ‍ॅप लॉगिनसाठी क्यूआर कोड स्कॅन करायला सांगतं. ऑपरेटरला कंपनीचा ईमेल नाही. शॉपफ्लोअरवर एक संगणक, तीन शिफ्ट, एक पासवर्ड, आणि तो मॉनिटरवर मार्करने लिहिलेला. ओटीपी जातो पहिल्या शिफ्टच्या माणसाच्या फोनवर, जो रात्री झोपलेला असतो.

सुरू करायच्या दिवशी ६०० माणसांसाठी १४० टीम, म्हणजे नव्या प्रणालीतले ग्रुप, काढा. ज्याला वाटेल त्याला काढू द्या, नावाचा काही नियम ठेवू नका. 'क्वालिटी', 'क्वालिटी नवीन', 'क्यूए चाकण' अशा तिन्ही असल्या म्हणजे तक्रार तीन ठिकाणी अर्धी अर्धी राहते. वाढदिवसाच्या शुभेच्छा सगळ्यांना सूचना वाजेल अशाच पाठवा. आठवड्याभरात लोक सूचना बंद करतात आणि शांतता नांदते. टीमचा मालक नोकरी सोडून गेला तर गेला. त्याचं खातं डिलीट केलं की त्याच्या वनड्राइव्हमधल्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टवरच्या त्याच्या खासगी कप्प्यातल्या फाइली, कोणी सेटिंग बदललं नसेल तर, ३० दिवस जगतात. एवढे दिवस अकाउंट्सला फुल अँड फायनलचा हिशोब लावायलाच लागतात.

आणि मुख्य गोष्ट: जुनं बंद करू नका. 'येत्या १ तारखेपासून सर्व संवाद नव्या प्रणालीवरच' हे फर्मान व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. खाली शंभर अंगठे येतील, आणि त्याखाली लगेच ट्रक भरल्याचा फोटो. पर्चेसचे दर, ग्राहकांची ड्रॉइंग हे सगळं पूर्वीप्रमाणे सोडून गेलेल्या माणसांच्या गॅलरीत सुरक्षित राहील. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या निर्देशांप्रमाणे सिस्टिमचे लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे असतात. ते नव्या सॉफ्टवेअरचे ठेवा. त्यात काहीच नसल्यामुळे जागाही कमी लागते.

यश मोजायला सोपं करायचं असेल तर हजेरी नव्या अ‍ॅपवर लावायला सांगा. सकाळी एकदा पंच, संध्याकाळी एकदा, आणि 'सक्रिय वापरकर्ते ९७ टक्के' असा तक्ता एमडींना दाखवता येतो. व्हेंडरही तो तक्ता घेऊन पुढच्या कंपनीत जातो.

रिन्यूअलची सूचना खरेदी करणाऱ्या मॅनेजरच्या मेलवर येते. तो मार्चमध्येच सोडून गेलेला असतो. करार आपोआप एक वर्ष पुढे सरकतो, लायसन्स ६००च, माणसं आता ५४०. नवा आयटी मॅनेजर रुजू होईल तेव्हा त्याला आधी ग्रुपमध्ये अ‍ॅड करा.