‘गिट आपल्या गावचं काम नाही’ म्हणे!

विदर्भातल्या कॉलेजच्या पोट्ट्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: गिटला (कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास जपणारं सॉफ्टवेअर) चोवीस तास नेट लागतं, गिट म्हणजे गिटहब (गिटमधला कोड ठेवायची वेबसाइट), म्हणजे आपला कोड परक्याच्या हवाली, स्वतःचा सर्व्हर खेड्यात परवडत नाही, आणि एकट्यानं काम करणाऱ्याला रोजची झिप पुरे. मेसेज लिहिणाऱ्याला कुठंतरी चटका बसला असावा, पण खापर त्यानं भलत्याच्या डोक्यावर फोडलंय.

आधी नेटचं बघू. लिनक्स कर्नलवाले वापरत होते ते बिटकीपर हे याच कामाचं सॉफ्टवेअर फुकट मिळेनासं झालं, म्हणून लिनक्सचा जनक लिनस टॉर्व्हाल्ड्सनं एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं. सीव्हीएस, सबव्हर्जन या आधीच्या साधनांत इतिहास मुख्य सर्व्हरवर असायचा आणि साध्या कमिटलाही (बदलाची नोंद करायलाही) तिथं पोचावं लागायचं. गिटमध्ये एकदा क्लोन केलं, म्हणजे प्रत उतरवली, की अख्खा इतिहास तुमच्याच डिस्कवर येतो. कमिट, डिफ (फरक बघणं), लॉग (जुन्या नोंदी बघणं), नवी ब्रांच (कामाची वेगळी फांदी), मागच्या कोडवर जाणं, सगळं नेटशिवाय चालतं. टॉवर दोन दिवस बंद असला तरी कमिट करत राहा, तालुक्याला गेलात की पुश करा, म्हणजे सर्व्हरवर पाठवा.

हो, एक तक्रार रास्त आहे. क्लोन अर्ध्यात तुटलं तर गिट पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. मोठी रेपो (कोड आणि त्याचा इतिहास) मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवणाऱ्याला हा ताप चांगला ठाऊक असतो. अशा वेळी ‘--डेप्थ १’ लावून फक्त ताजा कमिट आणावा आणि मागचा इतिहास हळूहळू ओढावा. नाहीतर यवतमाळात शिकणाऱ्या मित्राला ‘गिट बंडल’ करायला सांगावं. सगळ्या ब्रांचांसकट रेपोची एकच फाइल होते. एसटीनं येताना तो ती पेनड्राइव्हवर आणतो आणि तुम्ही तिच्यावरूनच क्लोन करता. पेनड्राइव्हवर थेट बेअर रेपो (नुसता इतिहास, कामाच्या फायली नाहीत) ठेवूनही पुश-पुल होतं. पेनड्राइव्ह एफएटी किंवा एक्सएफएटी पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर मालकी संशयास्पद असल्याची कुरकुर गिट करतं, ‘सेफ.डिरेक्टरी’मध्ये तो पत्ता घातला की गप्प बसतं.

गिट म्हणजे गिटहब? गिटहब आलं २००८ मध्ये, गिटनंतर तीन वर्षांनी. त्यावर न जाताही गिट आयुष्यभर वापरता येतं. बाकी परक्या दारी एकुलती एक प्रत ठेवू नये, हे मान्य. कोड ठेवायची गूगल कोड ही साइट २०१६ मध्ये बंद झाली. तसल्याच बिटबकेटनं २०२० मध्ये मर्क्युरिअलच्या (गिटसारखंच दुसरं साधन) रेपो ठेवणं थांबवलं. पण क्लोन घरी असेल तर इतिहास बुडत नाही, दुसरीकडे पुश करता येतो. इश्यू (तक्रारी-सूचनांच्या नोंदी) आणि चर्चा मात्र क्लोनमध्ये येत नाहीत, त्या वेगळ्या उतरवाव्या लागतात.

सर्व्हरच्या खर्चाचं तर काही बोलूच नये. अडगळीतला जुना पीसी, त्यावर लिनक्स, एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून सुरक्षित जोडायची सोय) आणि ‘गिट इनिट --बेअर’. झाला सर्व्हर. ब्राउझरमधून बघायचं असेल तर गिटी (Gitea) हे सॉफ्टवेअर टाका, ते रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावरही चालतं. राउटरला नेट नसलं तरी खोलीतली मशीनं एकमेकांशी बोलतात. पुश चालू असताना लाइन गेली, तर नवा माल पूर्ण पोचेपर्यंत ब्रांच सहसा जुन्याच कमिटवर असते. तरी छोटा यूपीएस घ्याच आणि लाइन आल्यावर ‘गिट एफएससीके’ चालवून रेपो धड आहे का ते बघा. पावसाळ्यात वीज पडून तो पीसी जळालाच, तर पोरांच्या लॅपटॉपवरच्या क्लोनांतून रेपो परत उभी राहते.

आता झिप. समजा तुम्ही एकटेच एका जिनिंगच्या वजनकाट्याचा प्रोग्राम सांभाळता. दिवाळीला पावती बरोबर होती, संक्रांतीला रिकाम्या गाडीचं वजन वजा होताना क्विंटलमागचे किलो गोल होऊन गळायला लागले. कापूस घेऊन आलेला शेतकरी काट्यावर भांडतोय, मालक फोनवर फोन करतोय. ‘काटा_फायनल_नवीन_२.झिप’ असल्या फायलींच्या ढिगात ती ओळ कधी शोधणार? ‘गिट बायसेक्ट’ला एक चांगला आणि एक बिघडलेला कमिट दाखवा. दर वेळी ते मधला कमिट काढून देतं, तुम्ही पावती छापून बरोबर की चूक एवढंच सांगायचं. मध्ये ८०० कमिट असले तरी दहाएक पावत्यांत गुन्हेगार कमिट हाती लागतो. मात्र कमिट लहान हवेत. आठवड्याचं काम एकाच कमिटात कोंबणाऱ्याला बायसेक्टही आठवड्याचाच ढीग दाखवणार. आणि मायक्रोसॉफ्ट अॅक्सेसची डेटाबेस फाइल रेपोत टाकू नका. आत काय बदललं ते गिटला दाखवता येत नाही, रेपो मात्र फुगत जाते.