पार्टी पॉपर समुद्रात उडवू नका

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे.

दुपारी मांडव्याहून परत येत होतो. वायव्येचा वारा छान भरला होता, इंजिन बंद, बोट मस्त पळत होती. गेटवे दिसायला लागलं आणि वाऱ्याच्या बाजूने भाड्याची एक सेलबोट आली. कुणाचा तरी वाढदिवस होता. मागच्या रेलिंगला फुग्यांच्या माळा. केक कापला आणि फाट् फाट् करून पार्टी पॉपर उडाले. तो सोनेरी-चंदेरी चुरा लोक कागद म्हणून विकत घेतात. कागद कसला, प्लास्टिकच ते! अर्धा आमच्या डेकवर, अर्धा पाण्यात. डेकवरचा मी गुडघ्यावर बसून नखाने उचकटून काढला, ओल्या फायबरला चिकटून बसतो तो. पाण्यातला कोण काढणार? बोट चालवणारा पोरगा हे सगळं मोबाइलवर शूट करत होता.

आणि यांची जाहिरात काय, तर 'नो फ्युएल, नो पोल्युशन'. संताप होतो. शीड उभारलं की झालात तुम्ही पर्यावरणवादी? वारा फुकट आहे म्हणून वापरताय, त्यात समुद्रावर उपकार कसले?

मला हे सगळं आमच्या स्किपरनी, म्हणजे बोटीच्या कप्तानांनी, शिकवलं. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्याबरोबर पहिल्यांदा मालवणपर्यंत गेले होते, तेव्हा निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला धक्क्यावरच बसवलं आणि आणलेलं सगळं सामान उघडायला लावलं. बिस्किटं पुड्यांतून काढून स्टीलच्या डब्यात. डाळ, तांदूळ, साखर बरण्यांत. नव्या टूथब्रशचं वेष्टणसुद्धा काढून तिथेच ठेवायचं. 'जे समुद्रात पडायला नको ते बोटीवर चढवायचंच नाही.' तरीही दोन-तीन मुक्कामांनंतर एक पिशवी भरलीच. गोळ्यांची पाकिटं, संपलेले सेल, आणि वाटेत कुणीतरी घेतलेले वेफर्स. काका ती पाकिटं खाऱ्या पाण्यात विसळून, वाळवून, घड्या घालून ठेवत, म्हणजे वास येत नाही आणि जागाही कमी लागते.

वाटेत एका बंदरात उतरलो. (नाव लिहीत नाही, कारण दोष त्या एका गावाचा नाही.) जेट्टीवर चहाची टपरी होती. म्हातारे गृहस्थ, फार मायाळू, त्यांनी चहाचे पैसेही घेतले नाहीत. त्यांना विचारलं, कचरा कुठे टाकायचा? ते म्हणाले, 'त्या भिंतीपलीकडे टाका ताई. ओहोटीला जातं सगळं आपोआप.'

काकांनी पिशवी उचलली आणि परत बोटीत नेऊन मागच्या पेटीत ठेवली. ती आमच्याबरोबर मालवणला गेली आणि मुंबईला परत आली.

ओहोटीला जातं. कुठे जातं? पावसाळ्यात उधाणाला मरीन ड्राइव्हवर उभं राहून बघा कुठे जातं ते. समुद्र सगळं जसंच्या तसं भिंतीवर आणून आपटतो, मग महापालिकेची माणसं ते ट्रकांत भरत बसतात. आणि जे भिंतीपर्यंत येत नाही ते कोळ्यांच्या डोलीत जातं. डोल जाळं प्रवाहाच्या तोंडाला तोंड उघडं ठेवून लावलेलं असतं, भरती-ओहोटी जे आणेल ते त्यात. बोंबलांबरोबर पिशव्या, वेष्टणं आणि आजचा तो सोनेरी चुरासुद्धा. ते वेगळं करत बसायचं कुणी? पहाटे कोळणींनी. तुमच्या केकचा हिशेब त्यांनी का द्यायचा?

कायदा नाही असंही नाही. मारपोल, म्हणजे जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणारा आंतरराष्ट्रीय करार. त्याचं कचऱ्याबद्दलचं पाचवं परिशिष्ट १९८८ च्या शेवटच्या दिवशी लागू झालं. प्लास्टिक समुद्रात कुठेही टाकायचं नाही, अगदी भर महासागरातही नाही. हे फक्त तेलवाहू जहाजांना नाही, आपल्यासारख्या छोट्या बोटींनाही आहे. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत तर खरकटंसुद्धा टाकता येत नाही. म्हणजे गेटवेसमोर संत्र्याची सालही पाण्यात टाकायची नाही. 'अहो, ती तर कुजते' हे मला कृपया सांगू नका.

आता कुणीतरी लिहिणारच, की तुमची बोट फायबरची, शिडं पॉलिएस्टरची. हो, आहेत. सकाळी मतलई (जमिनीवरून येणारा वारा) पडला आणि ओहोटी उलटी असली की डिझेल इंजिनही लावावं लागतं. संडासाची टाकी रिकामी करून घ्यायची सोय आमच्या धक्क्यावर नाही, म्हणून ती फार लांब जाऊन सोडतो, हेही काही आदर्श नाही. मान्य.

पण बोटीवर राहिलं की प्रत्येक गोष्ट मोजायची सवय लागते, आणि मला ती फार मोलाची वाटते. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाण्याचं गणित धरतात. बोटीवर पिणं, स्वयंपाक, तोंड धुणं मिळून माणशी पाच-सहा लिटरमध्ये भागतं. गोड्या पाण्याचा पंप पायाने दाबायचा असतो, त्यामुळे नळ सोडून गप्पा मारता येत नाहीत. भांडी खाऱ्या पाण्याने घासायची, शेवटचा हात गोड्या पाण्याचा (मुंबई बंदरातल्या पाण्यात भांडं बुडवायची हिंमत मात्र होत नाही, बरंच खाली दक्षिणेला गेल्यावरच). वीज सोलर पॅनल देईल तेवढीच. ढगाळ दिवस असला की पंखा बंद, कारण रात्री नांगराचा दिवा जळलाच पाहिजे. यात मला कधी काही कमी पडल्यासारखं वाटलं नाही. उलट घरी आल्यावर बेसिनचा नळ उघडला की हात आपोआप तो अर्धा बंद करतो.

नौदलातले अभिलाष टॉमी शिडाच्या बोटीने जगप्रदक्षिणेला १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून निघून ३१ मार्च २०१३ ला मुंबईलाच परतले, मध्ये एकाही बंदराला न लागता, एकटे, गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वर. पाच महिने! आणि आपल्याला दोन तासांच्या फेरीला थर्माकोलच्या प्लेटा लागतात.

मालवणला पोचलो तेव्हा काकांनी नांगर टाकण्याआधी एकाला मास्क लावून पाण्यात उतरवलं होतं. खाली वाळू आहे ना, बघ. तिथे प्रवाळ आहे, १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. नांगराची साखळी वाऱ्याबरोबर फिरते आणि खालचं सगळं खरवडून काढते. तो पोरगा वर येऊन 'वाळू आहे' म्हणाला तेव्हा कुठे नांगर सुटला. एवढा वेळ घेणारी माणसं आहेत, हे आठवलं की राग जरा उतरतो.

खरं तर आज त्या वाढदिवसवाल्या मुलीवर माझा राग नाही. विशीतली असेल, आयुष्यात पहिल्यांदा शिडाच्या बोटीत बसली असेल, खूश होती बिचारी. पॉपर तिच्या हातात कुणीतरी दिला. तिला कुणी सांगितलंच नाही. ते सांगणं बोट चालवणाऱ्याचं काम होतं. जॅकेट घाला सांगता ना? मग त्याच दमात पॉपर-फुगे धक्क्यावर ठेवा म्हणून सांगायला काय जातं? गिऱ्हाईक जाईल ही भीती? जाऊ दे की एखादं!

आणि ती पिशवी. ती मी ससून डॉकजवळ कचरा वेचणाऱ्या एका मावशींना दिली. त्यांनी उघडून एकेक पाकीट उलगडून बघितलं आणि म्हणाल्या, 'धुवून आणलंय व्हय? असं कोण देत न्हाय.' त्यांनी ते वाटेला लावलं. टपरीवाल्या बाबांकडे मात्र भिंत सोडून दुसरी जागाच नव्हती. जेट्टीवर एक झाकणाचं पिंप आणि ते उचलणारं कुणीतरी, एवढंच हवं होतं तिथे.

तेवढंच मागणारं पत्र लिहिलंय, कोकणातल्या प्रत्येक प्रवासी जेट्टीसाठी. बोट भाड्याने देणाऱ्यांना पॉपर आणि फुग्यांची बंदी करा, हेही त्यात घातलंय. मसुदा पहिल्या कमेंटमध्ये टाकतेय. कोळीवाड्यातल्या मित्रमैत्रिणींनी आधी वाचा, काही चुकीचं वाटलं तर सांगा, मग बाकीच्यांनी सह्या करा. शुक्रवारी देणार आहे.