सीटी व्हॅल्यू कमी म्हणजे पेशंट सिरियस असं नसतंय

लेखात लिहिलंय की कोरोनाच्या स्वॅब टेस्टच्या रिपोर्टमधली सीटी व्हॅल्यू जितकी कमी तितका आजार गंभीर, हे प्लीज दुरुस्त करा, लोक असलं वाचून नाहक घाबरतात. मी कोल्हापुरात लॅबमध्ये काम करतो, २०२१ ला माणसं रिपोर्ट घ्यायला आली की पहिला तो आकडाच विचारायची. राजारामपुरीतला एक पोरगा, सीटी १७, नुसती सर्दी आणि घसा धरलेला, पण आई काउंटरवर धाय मोकलून रडत होती. आणि एका आजोबांची ३१ आली म्हणून घरचे निवांत, तिकडं ऑक्सिजन ८६ वर!

सीटी म्हणजे मशीनला व्हायरस सापडायला किती सायकल लागल्या ते (दर सायकलला व्हायरसच्या जनुकीय भागाच्या प्रती दुप्पट होतात), म्हणजे आकडा कमी तर व्हायरस जास्त, साधारण ३.३ सायकलचा फरक म्हणजे व्हायरस दहापट कमीजास्त, पण तो नाकाघशातल्या नमुन्यातला, फुफ्फुसातला नव्हे, आणि स्वॅब नीट घेतला नाही तरी आकडा वाढतोच की. कोरोनात घशातला व्हायरस लक्षणं सुरू होतानाच भरपूर असतो, नंतर उतरत जातो, आणि दम लागतो तो बऱ्याचदा आठवड्याभरानं, तेव्हा नुकसान बरंचसं शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारामुळं आलेल्या सुजेनं चाललेलं असतं. म्हणून तर २०२० च्या रिकव्हरी ट्रायलमध्ये, म्हणजे कोरोनाच्या औषधांच्या मोठ्या चाचणीत, डेक्सामेथासोन हे सूज कमी करणारं स्टिरॉइड ऑक्सिजनवरच्या पेशंटला उपयोगी पडलं, ऑक्सिजन न लागणाऱ्याला नाही.

काही अभ्यासांत सिरियस पेशंटमध्ये सरासरी व्हायरसचं प्रमाण जास्त सापडलंय, ते मान्य, पण एकट्या माणसाच्या रिपोर्टवरनं ते ठरवता येत नाही, आयसीएमआरनंपण (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हेच सांगितलेलं. आकडा काय का असेना, ऑक्सिमीटर ९४ च्या खाली दाखवायला लागला की सरळ दवाखाना गाठा.