काकांचं हृदय नवं झालं म्हणे!

आमच्या काकांनी रक्त पातळ ठेवायची गोळी बंद केली. सांगितलं कुणालाच नाही. नौपाड्यातल्या घरी काकूने वारांचे सात कप्पे असलेली डबी उघडली, तर सोमवार ते गुरुवार सगळे कप्पे तसेच भरलेले. विचारल्यावर काकांनी मोबाइलच पुढे केला.

तलावपाळीवर फिरायला येणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर आलेला मेसेज. शरीरातली प्रत्येक पेशी दर सात वर्षांनी बदलते, हृदयसुद्धा. म्हणजे सात वर्षांपूर्वीचा आजार आता तुमचा उरलाच नाही. नव्या पेशी तरुण असतात. आणि उपाशीपोटी कडुनिंबाचा रस घेतला की हे सगळं दुप्पट वेगाने होतं. काकांना अटॅक आला २०१८ च्या दिवाळीत. २०२५ ची दिवाळी झाली, हिशेब चुकता!

आधी हृदयाचंच बोलते, बाकीच्यावर निदान हसता तरी येतं.

स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने पेशीचं वय काढायची भन्नाट युक्ती शोधली. १९६३ च्या करारापर्यंत उघड्यावर अणुचाचण्या सर्रास चालायच्या. त्या चाचण्यांनी हवेतलं कार्बन-१४, म्हणजे कार्बनचाच एक किरणोत्सारी प्रकार, जवळजवळ दुप्पट झालं, मग वर्षागणिक उतरत गेलं. हवेतून ते झाडात, झाडातून आपल्या ताटात. पेशी जन्मली त्या काळचं प्रमाण तिच्या डीएनएत तसंच राहतं, म्हणजे जन्मदाखलाच. तो वाचून २००९ मध्ये त्यांनी हृदयाच्या स्नायूपेशींचा हिशेब मांडला: पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का पेशी बदलतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. अख्ख्या आयुष्यात निम्म्याही नाहीत.

काका ६८ वर्षांचे. सात वर्षांत त्यांच्या हृदयातल्या शंभरातल्या चारेक पेशी बदलल्या असतील. अटॅकमध्ये जो भाग मेला, तिथे तर स्नायू परत भरून येतच नाही, व्रण धरतो. तो ओढ सहन करतो, पण आकुंचन पावून रक्त ढकलत नाही. आणि रक्तवाहिनी उघडी राहावी म्हणून आत बसवलेली जाळी, तो स्टेंट? तो धातूचा. तोही कात टाकतो का? गोळी पेशी जुन्या आहेत म्हणून नव्हतीच हो, गुठळी होऊ नये म्हणून होती.

आता नाइलाजाने एक कबूल करते. सात हा आकडा अगदीच हवेतला नाही. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत बदलतं, तांबड्या पेशी १२० दिवस टिकतात, वरची कातडी महिन्याभराने, हाडांना दहाएक वर्षं लागतात. अंगातल्या सगळ्या पेशींच्या वयाची सरासरी सात ते दहा वर्षांच्या आसपास येते असा अंदाज आहे. पण सरासरीच ती! घरात आजी ८० ची आणि नात २ वर्षांची, म्हणून दोघींना एकाच वर्गात बसवणार का? मेंदूच्या बाह्यावरणातल्या चेतापेशी तर जवळजवळ आपल्याच वयाच्या असतात.

‘नवी म्हणजे तरुण’ हेही चूक. नवी पेशी जुनीची नक्कल असते, जुनीतले बिघाड घेऊनच येते. लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्येच दाखवलं होतं की प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या साध्या पेशी ४०-६० वेळा विभागतात आणि थांबतात. दर विभाजनाला गुणसूत्रांची टोकं झिजत जातात.

कडुनिंबाबद्दल काय बोलायचं? गुढीपाडव्याला खा, खुशाल खा. पण अंगातल्या पेशी दुप्पट वेगाने वाढाव्यात अशी इच्छा धरू नका. बेलगाम वाढणाऱ्या पेशींना डॉक्टर वेगळंच नाव देतात.

काका तरी म्हणाले, “पण काहीतरी नवं झालंच असेल ना माझ्यात?” झालंय. डोळ्यातल्या मण्याचा, म्हणजे भिंगाचा, गाभा आईच्या पोटात असल्यापासून तोच असतो, कधी बदलत नाही. काकांच्या उजव्या डोळ्यातला तो मागे मोतीबिंदूच्या वेळी काढून प्लास्टिकचा बसवला. त्याच डोळ्याने त्यांनी हा मेसेज वाचला.

शुक्रवारी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. चार दिवस गोळी नाही हे ऐकून ते आधी गप्पच झाले, मग म्हणाले, आत्ताच्या आत्ता घेऊन या. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात. डबी आता पोह्यांच्या बशीशेजारी असते आणि काका गोळी गिळेपर्यंत काकू समोरून हलत नाही.