प्राध्यापक येतील, आधी तरतूद करा

मराठवाड्यात आयआयटीच्या तोडीची संस्था काढली तर चांगले प्राध्यापक तिकडे जाणार नाहीत, असा मुद्दा एका लेखात वाचला; तो अजिबात पटला नाही. देशातली पहिली आयआयटी १९५१ साली खरगपूरला सुरू झाली, तीही हिजलीच्या जुन्या बंदीछावणीच्या इमारतीत. पिलानीची बिट्स ही अभियांत्रिकी संस्था तर राजस्थानातल्या शेखावाटीच्या रेताड भागात. तिथे माणसं गेलीच ना?

आमच्या जालना जिल्ह्यातल्या अंबड-घनसावंगीकडची मुलगी बारावीला उत्तम गुण मिळवते. मग घरचे पुण्यातलं कॉट बेसिसचं भाडं आणि मेसचे पैसे जोडून बघतात, आणि विषय तिथेच संपतो. भावाला पाठवतात, तिला नाही.

राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्ये विदर्भ-मराठवाड्यासह सर्व विभागांना तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी न्याय्य पद्धतीने मिळाव्यात, अशी तरतूद आहे. म्हणजे आम्ही कुणाकडे भीक मागत नाही.

अर्थात नुसती पाटी लावून भागणार नाही. मुंबईच्या आयसीटीचं (रसायन तंत्रज्ञान संस्थेचं) केंद्र २०१८ मध्ये जालन्यात सुरू झालं, याचा मनापासून आनंद आहे. इथे सळयांचे कारखाने, बियाणे कंपन्या आहेत, संशोधनाला विषय दारातच. पण अशा कुठल्याही संस्थेला कायमस्वरूपी प्राध्यापक, सुसज्ज प्रयोगशाळा, मे महिन्यातही पुरेल इतकं पाणी आणि मुलींचं वसतिगृह पहिल्याच वर्षी मिळालं पाहिजे.