दोन स्टार देणाऱ्या भाऊंना: सॉसेज, चरबी आणि बोर्डावरचं 'पौष्टिक'

नमस्कार भाऊ,

चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीहून मूलकडे जाताना तुम्ही आमच्या दुकानात थांबलात, भातासोबत पोर्क सॉसेजची प्लेट घेतली आणि घरी जाऊन दोन स्टार दिले. लिहिलंत की चव बरी आहे, पण बोर्डावर 'पौष्टिक' लिहून आम्ही खेड्यातल्या लोकांना फसवतो. तुमचं म्हणणं, डब्ल्यूएचओनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनं, सॉसेजला सिगारेटच्या रांगेत बसवलंय. त्यात चरबी आणि मीठ सोडून आहेच काय. आणि डुकरं तरी कुठली, गावात फिरणारीच ना? प्लेट महाग वाटली हेही लिहिलंत. किमतीचं सोडा, ती बाजारावर चालते. बाकीचं उत्तर इथेच सगळ्यांसमोर देतो, कारण हेच प्रश्न दुकानात येणारेही विचारतात, फक्त हळू आवाजात.

आमच्या सॉसेजमध्ये लपवण्यासारखं काही नाही. एक किलोला पाऊण किलो बिनचरबीचं मांस, पाव किलो पाठीची चरबी, १५ ग्रॅम मीठ, लसूण, धने, भिवापुरी मिरची आणि मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. मैदा नाही, सोया नाही, रंग नाही. तुमच्या प्लेटमधले दोन नग म्हणजे १०० ग्रॅम. त्यात साधारण १६ ग्रॅम प्रथिनं, २५ ग्रॅम चरबी, दीड ग्रॅम मीठ आणि ३०० च्या आसपास कॅलरी. या कॅलरींपैकी सव्वादोनशे एकट्या चरबीच्या. म्हणजे चरबीबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरंच आहे, आणि ते मी कोणालाही तोंडावर सांगतो. जिमवाले पोट्टे 'प्रोटीनसाठी' सॉसेज मागायला येतात, त्यांना मी नुसतं बिनचरबीचं मांस देतो, नाहीतर अंडी खा म्हणतो. निव्वळ प्रथिनं पाहिजे असतील तर सॉसेज हा महागाचा रस्ता आहे.

मिठाचंही तसंच. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा असं डब्ल्यूएचओच सांगते. दोन नगांत त्याचा जवळपास तिसरा हिस्सा गेला. त्यावर लोणचं आणि पापड आला की एका जेवणातच दिवसाचं मीठ संपलं. तुम्ही लोणचं मागितलंत आणि आमच्या पोरानं नाही म्हटलं, ते कंजूसपणानं नव्हे. सॉसेजच्या प्लेटसोबत आम्ही लोणचं ठेवतच नाही. लिंबू, कांदा आणि अंबाडीची भाजी देतो. तुमच्या ताटात भाजी तशीच राहिली होती, असं पोरगा म्हणाला.

मग 'पौष्टिक' कशाला लिहिलं? आपला हा सगळा पट्टा भाताचा. सकाळी भात, रात्री भात. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होईपर्यंत घासला की वरचा कोंडा जातो, आणि कोंड्याबरोबर बी-१ जीवनसत्त्वही जातं. उरलंसुरलं घरी दोन-तीनदा खळखळून धुण्यात आणि पेज ओतून देण्यात जातं. हे बी-१ डुकराच्या बिनचरबी मांसात बकऱ्या-कोंबडीपेक्षा कितीतरी पटीनं जास्त असतं. प्रथिनं बाकी मांसातही मिळतात, पण बी-१ च्या बाबतीत डुकराच्या जवळपासही त्यातलं कोणी येत नाही. सॉसेजमध्ये चरबी मिसळल्यानं ते कमी होतं, तरी बऱ्यापैकी उरतं. शिवाय बी-१२ आणि जस्त (झिंक). बी-१२ तर वरण-भातातून मिळतच नाही. आता कोणी म्हणेल, बी-१ साठी डुक्करच कशाला, उकडा तांदूळ खा, तुरीचं वरण खा. बरोबर आहे, खावंच. ज्याला डुक्कर चालत नाही त्यानं तेच करावं, कोणी काय खावं हे सांगायला मी बसलेलो नाही. लोहासाठीही माझ्या सॉसेजवर भिस्त ठेवू नका. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला, आणि लोहाच्या बाबतीत बकरा डुकराच्या पुढे आहे. काहीही खा, पण जेवल्याबरोबर चहा घेऊ नका. चहानं अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

आता सिगारेट. २०१५ साली डब्ल्यूएचओच्या कर्करोग संस्थेनं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं, हे खरं. त्याच गटात तंबाखूही आहे, हेही खरं. पण तो गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतो, धोका किती मोठा हे सांगत नाही. त्यांचाच आकडा असा की रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. तंबाखूचं नुकसान याच्या कितीतरी पट जास्त आहे, आणि माझ्या दुकानासमोर खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटणाऱ्याच्या टपरीला कोणी दोन स्टार देत नाही. असो. आमच्या सॉसेजमध्ये मांस टिकवायला घालतात ते नायट्राइट नाही, धूर दिलेला नाही. सकाळी बनतं, उरलं तर गोठवतो. म्हणून ते त्या यादीतून सुटलं असं मात्र मी म्हणणार नाही. मीठ आहे, लाल मांस आहे. रोज खायची वस्तू नव्हे. आठवड्यातून एकदा, दोन नग, सोबत वरण आणि पालेभाजी, असंच मी घरीही वाढतो. बीपीवाल्यांनी तर एकच घ्यावा. आमच्या बोर्डावर 'पौष्टिक' आहे, 'रोज खा' नाही.

घरी न्याल तर एवढं करा. तव्यावर थोडं पाणी टाकून झाकण ठेवा, पाणी आटलं की मंद आचेवर सगळ्या बाजूंनी लाल होऊ द्या. मग एक मधून कापून बघा. आत गुलाबी दिसलं किंवा रस गढूळ निघाला तर परत झाका. आतपर्यंत ७१ अंश गरम झालं पाहिजे. फीतकृमीची भीती लोकांना असते ती अर्ध्या कच्च्या मांसामुळे, आणि भीती योग्यच आहे.

राहिली डुकरं. गावात फिरणारं एकही जनावर आम्ही घेत नाही. आमची स्वतःची आहेत, पक्क्या गोठ्यात, सिमेंटच्या जमिनीवर, राइस मिलचा कोंडा, मका आणि हिरवा चारा खाऊन वाढलेली. तांदळावरून निघालेला तो बी-१ वाला कोंडा इथेच येतो, बघा. तुम्हाला बघायचं असेल तर सकाळी दहाच्या आत या, पण आत सोडणार नाही. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीवर आला तेव्हापासून बाहेरच्या माणसाला गोठ्यात बंदी आहे. तो रोग माणसाला होत नाही, पण चपलेला लागून आला तर गोठाच्या गोठा रिकामा होतो. जाळीबाहेरून सगळं दिसतं, कोंड्याची पोतीसुद्धा. सोमवारी मात्र येऊ नका, दुकान बंद असतं.