हारगावले जायचं म्हणता?

शेगाव माहीत, खामगाव माहीत, पुलगाव तर गाडीतून कितीदा गेलं. पण हारगाव? ते ना वऱ्हाडात, ना वर्धेकाठी. ते गावच नाही, खायचा पदार्थ आहे: दक्षिण चीनकडच्या कॅन्टनी बोलीत 'हार' म्हणजे कोळंबी अन् 'गाव' म्हणजे उकडलेली करंजी. हाँगकाँगच्या 1928 सालच्या पेनिन्सुला हॉटेलातल्या 'स्प्रिंग मून' नावाच्या खानावळीत बसा, नाहीतर अशाच दुसऱ्या जुन्या हॉटेलात. आम्हा वऱ्हाड्यांची हार ठरलेली, अन् ती याच गावात.

वाफेची आपल्याला भीती नाही, फुणके आपणही उकडतो. गोम पारीत आहे. गव्हातला चिकटपणा काढून उरलेला स्टार्च, थोडा टॅपिओकाचा, अन् त्यावर उकळतं पाणी. वाफेवर ती काचेसारखी होते, आतली गुलाबी कोळंबी दिसते. बाजूच्या चुण्या मोजा, सातांच्या खाली असल्या तर आचारी नवशिका. पण मोजत बसलात की पारी गार होऊन टोपलीला चिकटते. मग कोळंबी तुमच्या हातात, पारी तिथंच.

खायला चमचा नाही, दोन काड्या, म्हणजे चॉपस्टिक. त्यांपैकी खालची अंगठ्याच्या बेचक्यात अन् अनामिकेवर टेकवा. ती हलतच नाही. हलते फक्त वरची. आपण दोन्ही हलवतो, म्हणून घोटाळा. करंजीला भोसकू नका, कमरेत धरा. अन् भातात काड्या उभ्या खोचल्या तर मयताच्या उदबत्त्या दिसतात, बापा!

चहाला दूध-साखर नाही. कुणी ओतला की दोन बोटांनी टेबलावर टकटक करा, झाले आभार. किटली संपली की झाकण तिरपं ठेवा. "ओ भाऊ!" अशी हाळी नको.

मग मासा येतो, डोक्यासकट. अर्ध्या किलोचा असला तर आठेक मिनिटं वाफेवर; वर आल्याच्या बारीक काड्या, कांद्याची पात, सोया सॉस अन् कडकडीत तेलाचा चर्र आवाज. संपलं. तर्री? नाही. मिनिटभर जास्त झालं की मांस राठ, कमी झालं की काट्याला धरून बसतं. सावजी रश्श्यात हे पाप झाकलं जातं, इथं झाकायला काहीच नसतं. म्हणून मासा अगदी ताजा लागतो. एक बाजू संपली की उलटवू नका, कोळ्याची नाव उलटते म्हणतात. मधला काटा अलगद उचला, खाली दुसरी बाजू आहेच.

मंचुरियन मागू नका, त्याचा जन्म मुंबईतला. अन् खिशातली ठेच्याची डबी? ती खोलीवर जाऊन, दार लावून उघडायची.